गोल्फ स्विंग सुरू होण्याआधीच बिघडतो कसा? हातांची पोझिशन आणि तुमच्या फोनचा कॅमेरा

७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी भारतात अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ लाइव्ह पाहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ होती आणि शेवटी चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही खेळला. त्या दिवशी फोनवर मॅच बघणाऱ्या कितीतरी जणांना पार आणि बर्डी यांतला फरकही माहीत नव्हता.

तेव्हापासून ड्रायव्हिंग रेंजवर किंवा सिम्युलेटरवर एकदा तरी क्लब फिरवून बघणारी मुलं-मुली वाढलेली दिसतात. आणि सगळ्यांचं एक काम ठरलेलं असतं: मित्राच्या हातात फोन द्यायचा, स्लो-मोशनमध्ये स्विंग शूट करायचा आणि मग तो पुढे-मागे सरकवत बघत बसायचं. "बॉल उजवीकडे का जातोय रे?"

गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा स्विंगच्या व्हिडिओत नसतं. ते स्विंग सुरू होण्याआधीच्या स्थिर फ्रेममध्ये असतं, म्हणजे तुम्ही बॉलसमोर उभे आहात आणि अजून काहीच हललेलं नाही तेव्हा. त्या क्षणी तुमचे हात क्लबवर कसे आहेत आणि कुठे आहेत, यावर पुढचं बरंच काही ठरतं. चांगली बातमी म्हणजे तुमचा फोन नेमकी हीच गोष्ट सगळ्यात नीट मोजू शकतो. कसं, ते आज समजून घेऊया.

(या लेखात सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरला आहे. त्याचं टार्गेट त्याच्या डाव्या बाजूला असतं. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.)

आधी चार शब्द समजून घेऊ

- सेटअप: बॉल मारण्याआधी घेतलेली उभं राहण्याची पोझिशन.
- शाफ्ट: क्लबची दांडी. वरच्या टोकाला रबरी ग्रिप, खालच्या टोकाला क्लबहेड.
- फेस: क्लबहेडचा बॉलला लागणारा सपाट भाग. त्याचं शाफ्टला जोडलेलं टोक म्हणजे हील आणि बाहेरचं टोक म्हणजे टो.
- लॉफ्ट: फेस मागे किती झुकलेला आहे तो कोन. ड्रायव्हरचा साधारण १० अंश, ७ नंबरच्या आयर्नचा ३० ते ३४ अंशांच्या आसपास, सँड वेजचा ५६ अंशांच्या आसपास. लॉफ्ट जास्त असेल तर बॉल उंच जातो आणि कमी अंतर कापतो.

पाव सेकंदात सुधारणा होत नाही

जॉन नोव्होसेल यांनी व्यावसायिक गोल्फपटूंच्या ३० फ्रेम प्रति सेकंद व्हिडिओंमधल्या फ्रेम मोजल्या होत्या. बॅकस्विंगला २४ फ्रेम लागत असतील तर डाउनस्विंगला ८, म्हणजे प्रमाण ३ ला १, असा पॅटर्न त्यांना पुन्हा पुन्हा दिसला. यावर त्यांचं पुस्तकही २००४ मध्ये आलं. आता हिशोब करा: ८ फ्रेम म्हणजे ८ भागिले ३०, म्हणजे साधारण ०.२७ सेकंद.

एखादी गोष्ट डोळ्यांनी बघून त्यावर प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे खाली येताना "अरे, फेस उघडा राहिलाय" हे समजून तो जाणीवपूर्वक दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

क्रिकेटमध्ये बॉल आपल्याकडे येतो, त्यामुळे शेवटपर्यंत बघून खेळावं लागतं. गोल्फमध्ये बॉल जागेवर असतो आणि सेटअपला तुमच्याकडे हवा तेवढा वेळ असतो. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर सेटअप म्हणजे फंक्शनला दिलेला इनपुट. एकदा फंक्शन सुरू झालं की मध्येच इनपुट बदलता येत नाही. इनपुट चुकीचा असेल तर आतलं लॉजिक कितीही चांगलं असो, आउटपुट गडबडणारच.

बॉलची दिशा कोण ठरवतं?

फेस आणि बॉल एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात: फेस कुठे बघतोय आणि क्लबहेड कोणत्या दिशेने चाललंय.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी असं शिकवलं जायचं की बॉल क्लबच्या मार्गावर निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी डॉप्लर रडार वापरणारी यंत्रं आल्यावर चित्र स्पष्ट झालं. बॉल निघतो त्या दिशेत फेसचा वाटा साधारण ७५ ते ८५ टक्के असतो. फेस आणि मार्ग यांच्यात जो फरक असतो, त्यामुळे बॉल पुढे हवेत वळतो.

फेस फक्त २ अंश उजवीकडे असेल तर? बॉल साधारण दीड अंश उजवीकडे निघेल. १५० मीटरवर तो जवळपास ४ मीटर बाजूला जाईल आणि हवेत वळेल ते वेगळंच. कॅरममध्ये स्ट्रायकरचा कोन केसभर चुकला की समोरच्या पॉकेटपाशी सोंगटी बोटभर बाजूला जाते ना, तोच प्रकार, फक्त मैदान मोठं.

म्हणजे प्रश्न असा झाला: फेसचा कोन कशाने बदलतो? तर फेसला जोडलेली एकच गोष्ट तुमच्या ताब्यात असते, ती म्हणजे हात. सेटअपला हात तीन प्रकारे बदलू शकतात. ते ग्रिपभोवती फिरलेले असतील, पुढे-मागे असतील किंवा वर-खाली असतील. एकेक बघू.

१. हात ग्रिपवर किती फिरलेले आहेत?

आधी क्लब बाजूला ठेवा आणि उभे राहा. डावा हात सैल सोडा आणि मान खाली करून बघा. ३० आणि ३१ दिवसांचे महिने मोजायला आपण मुठीवरचे जे उंचवटे वापरतो, त्यातले साधारण दोन-तीन दिसतील. ही तुमच्या हाताची नैसर्गिक स्थिती आहे.

डाउनस्विंगमध्ये क्लबहेड इतक्या जोराने बाहेर ओढलं जातं की हात ताणले जातात आणि साधारण याच नैसर्गिक स्थितीकडे परत येतात. आता बघा काय होतं:

- न्यूट्रल ग्रिप: सेटअपला डाव्या मुठीचे दोन-अडीच उंचवटे दिसतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यातला व्ही आकार हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान बघतो. हात जसा ठेवला तसाच परत येतो, त्यामुळे फेस सरळ राहायला मदत होते.
- स्ट्राँग ग्रिप: दोन्ही हात उजवीकडे फिरलेले, तीन-चार उंचवटे दिसतात. परत येताना हात डावीकडे फिरतात, सोबत फेसही बंद होतो. बॉल डावीकडे जाण्याकडे कल.
- वीक ग्रिप: हात डावीकडे फिरलेले, एखादाच उंचवटा दिसतो. परत येताना फेस उघडा राहतो. बॉल उजवीकडे.

इथे स्ट्राँग म्हणजे घट्ट पकड नव्हे आणि वीक म्हणजे सैल नव्हे. हा फक्त फिरवण्याचा प्रश्न आहे. नवीन मंडळी इथे हमखास गोंधळतात.

क्रिकेट खेळून गोल्फकडे आलेल्यांची आणखी एक सवय असते. बॅटचं हँडल जाड असतं, त्यामुळे ते तळहातात धरायची सवय लागते. गोल्फची ग्रिप बारीक असते आणि ती डाव्या हातात बोटांच्या मुळाशी बसवावी लागते. ती तळहातात गेली की मनगट मोकळं फिरत नाही आणि फेस उघडाच राहतो.

मग एकच योग्य ग्रिप असते का? नाही. बेन होगन यांना सुरुवातीच्या काळात बॉल जोरात डावीकडे वळण्याचा त्रास होता. त्यांनी ग्रिप वीक केली, आणि १९५३ मध्ये तीन मेजर स्पर्धा जिंकल्या. त्यांच्या १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकाचा पहिलाच धडा ग्रिपवर आहे. उलट २०१६ ची यूएस ओपन आणि २०२० ची मास्टर्स जिंकणारा डस्टिन जॉन्सन स्ट्राँग ग्रिपने खेळतो. फेस जास्त बंद होऊ नये म्हणून तो शरीर वेगाने टार्गेटकडे फिरवतो. दोघांचीही ग्रिप त्यांच्या स्विंगशी जुळलेली आहे. तुमची तुमच्या स्विंगशी जुळते का, हा खरा प्रश्न.

२. हात बॉलच्या पुढे की मागे?

समोरून बघितलं तर मधल्या आयर्नच्या सेटअपला हात बॉलच्या किंचित पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला असतात. ग्रिपचं टोक साधारण डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे बघतं. ड्रायव्हरला बॉल डाव्या पायाजवळ असतो, त्यामुळे हात बॉलच्या रेषेत किंवा जरासे मागे दिसतात.

हे थोडं बदललं तर किती फरक पडतो? साधा हिशोब करू. ७ नंबरच्या आयर्नमध्ये हातांपासून क्लबहेडपर्यंत शाफ्टची लांबी साधारण ८० सेंटिमीटर धरा आणि शाफ्टचा जमिनीशी कोन ६२ अंश. ग्रिप न बदलता हात फक्त ५ सेंटिमीटर पुढे नेले, तर शाफ्ट साधारण साडेतीन अंश झुकतो. त्यातून दोन गोष्टी होतात:

- लॉफ्ट साधारण ३ अंशांनी कमी होतो. शेजारच्या दोन आयर्नमध्ये साधारण ३ ते ४ अंशांचा फरक असतो. म्हणजे हातात ७ नंबर, पण काम जवळपास ६ नंबरचं.
- फेस दीड अंशाहून थोडा जास्त उघडतो, म्हणजे उजवीकडे बघायला लागतो. शाफ्ट उभा नसून तिरका असल्यामुळे तो झुकताना थोडा फिरतोसुद्धा.

दुसरा परिणाम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. "हात पुढे ठेव" हा सल्ला ऐकून हात पुढे ढकलले जातात, फेस नकळत उघडतो आणि बॉल उजवीकडे जायला लागतो. मग सल्लाच चुकीचा वाटतो. खरं तर हात पुढे नेल्यावर फेस पुन्हा सरळ करून मग ग्रिप पकडायची असते.

हात मागे ठेवले तर सगळं उलटं. लॉफ्ट वाढतो, फेस बंद होतो, बॉल उंच आणि आखूड जातो. वेजमध्ये हात फारच पुढे असतील तर क्लबची खालची धार जमिनीत घुसते आणि बॉल जागचा हलत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सेटअपला हात जिथे आहेत तिथेच ते बॉल लागताना असतील असं नाही. चांगले खेळाडू आयर्न मारताना हात सेटअपपेक्षाही पुढे नेतात. सेटअप चांगला असला की ती जागा गाठणं सोपं होतं, पण गॅरंटी मिळत नाही.

३. हात उंच की खाली? फोन घेऊन करून बघा

हा परिणाम समजायला हातातला फोनच पुरेसा आहे. फोन उभा धरा, स्क्रीन समोरच्या भिंतीकडे. आता गाडीचं स्टिअरिंग फिरवल्यासारखा फोन डावीकडे फिरवा. स्क्रीन अजूनही भिंतीकडेच बघतेय, बरोबर?

आता फोनचा वरचा भाग तुमच्याकडे झुकवा, म्हणजे स्क्रीन भिंत आणि छत यांच्या मधोमध बघेल. ४५ अंशांचा लॉफ्ट झाला. आता पुन्हा तसंच स्टिअरिंग फिरवा, उजवी कड वर. यावेळी स्क्रीन भिंतीच्या डाव्या बाजूला बघायला लागली!

क्लबमध्ये नेमकं हेच होतं. हात खाली असले की टो वर उचलला जातो आणि फेस डावीकडे बघतो. हात उंच असले की हील उचलली जाते आणि फेस उजवीकडे बघतो. लॉफ्ट जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा.

आकडे बघा. वरच्याच मापांनी हात फक्त २ सेंटिमीटर उंच झाले तर शाफ्टचा कोन साधारण ३ अंशांनी बदलतो. टो आणि हील मिळून तितकेच कलले, तर फेसची दिशा अशी सरकते:

- ड्रायव्हर, १० अंश लॉफ्ट: साधारण अर्धा अंश
- ७ नंबर आयर्न, ३२ अंश लॉफ्ट: साधारण २ अंश
- सँड वेज, ५६ अंश लॉफ्ट: साधारण साडेचार अंश

म्हणूनच ड्रायव्हर सरळ जातो पण वेज नेहमी एकाच बाजूला जातो अशी तक्रार असेल, तर आधी हातांची उंची तपासा. शिवाय मित्राचे किंवा भाड्याचे क्लब वापरत असाल तर शाफ्ट तुमच्या उंचीला फार लांब किंवा आखूड असू शकतो. मग हात आपोआप चुकीच्या उंचीवर जातात आणि दोष स्विंगवर येतो.

इथेही एकच नियम सगळ्यांना लागू नाही. २०२० ची यूएस ओपन जिंकणारा ब्रायसन डिशॅम्बो हात खूप उंच ठेवतो. हात आणि शाफ्ट जवळपास एका रेषेत दिसतात. पण त्याच्या सगळ्या आयर्नची लांबी सारखी आहे आणि त्यांचे कोन त्याच्या सेटअपला जुळवून घेतलेले आहेत. दुकानातले साधे क्लब घेऊन त्याची नक्कल केली तर बॉल उजवीकडेच जाणार.

तुमच्यासाठी सोपी सुरुवात: हात खांद्यांच्या बरोबर खाली सैल लटकू द्या. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात साधारण मुठभर ते वीतभर जागा ठेवा, आयर्नला कमी आणि ड्रायव्हरला जास्त.

फोनला काय दिसतं आणि काय नाही

आता आपल्या आवडत्या विषयाकडे येऊ. २४० फ्रेम प्रति सेकंद स्लो-मोशन आज अनेक फोनमध्ये आहे. दोन फ्रेममधलं अंतर साधारण ४ मिलिसेकंद. क्लबहेड ताशी १३० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात ते १५ सेंटिमीटर पुढे जातं. फेस-बॉलची भेट अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे ती बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मध्येच उरकून जाते. साध्या ६० फ्रेमच्या व्हिडिओत तर हे अंतर ६० सेंटिमीटर होतं.

दुसरी अडचण रोलिंग शटरची. फोनचा सेन्सर अख्खा फोटो एकदम घेत नाही, तो ओळीमागून ओळ वाचतो. पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत शाफ्ट पुढे सरकलेला असतो. म्हणून व्हिडिओत शाफ्ट धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. तो खरंच तेवढा वाकत नाही. त्या फ्रेमवरून हातांचा कोन काढणं म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ मारणं.

तिसरी गोष्ट एआय ॲपची. स्विंग तपासणारी ॲप पोझ एस्टिमेशन वापरतात. गुगलचं मीडियापाइप शरीरावर ३३ बिंदू शोधतं, त्यातले मनगट आणि बोटांसाठी मोजकेच. ग्रिप धरली की एक हात दुसऱ्यावर येतो आणि बोटं झाकली जातात. मनगट कुठे आहे हे ॲपला बऱ्यापैकी कळतं, पण हात ग्रिपभोवती किती फिरलाय याचा त्याला अंदाजच बांधावा लागतो. म्हणजे तीनपैकी पहिली गोष्ट, जी फेसवर थेट परिणाम करते, तीच ॲपला नीट दिसत नाही. ती तुम्हाला मान खाली करून मोजायची आहे.

सेटअपला मात्र या अडचणी बऱ्याच कमी होतात. काहीच हलत नाही, त्यामुळे फ्रेम रेट किंवा रोलिंग शटरचा प्रश्नच नाही. एक साधा फोटो पुरतो. फक्त कॅमेरा योग्य जागी हवा.

कॅमेरा अर्धा मीटर सरकला तर?

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, त्यामुळे लक्ष द्या.

समजा शाफ्ट अजिबात पुढे-मागे झुकलेला नाही. तरीही तो बॉलकडून तुमच्याकडे तिरका आहेच, जमिनीशी ६२ अंशांत. कॅमेरा बरोबर समोर असेल तर हा तिरकेपणा फोटोत दिसत नाही. पण कॅमेरा १० अंश बाजूला असेल, म्हणजे ३ मीटरवरून साधारण अर्धा मीटर सरकलेला, तर तोच तिरकेपणा फोटोत पुढे-मागे झुकल्यासारखा दिसतो. किती? साधारण ५ अंश.

कॅमेरा टार्गेटच्या बाजूला सरकला तर हात पुढे असल्यासारखे दिसतात. उलट्या बाजूला सरकला तर मागे असल्यासारखे. मघाशी बघितलं की साडेतीन अंशांत एका क्लबचा फरक पडतो. इथे तर फक्त मित्र चुकीच्या जागी उभा राहिला म्हणून ५ अंशांची चूक आली! ॲप म्हणणार "हात मागे घ्या", तुम्ही घेणार, आणि ठीक असलेला सेटअप बिघडणार.

म्हणून फोटो असा काढा:

१. टार्गेटच्या रेषेवर जमिनीवर एक काठी किंवा दुसरा क्लब आडवा ठेवा.
२. समोरून फोटो काढताना कॅमेरा त्या रेषेला काटकोनात, बरोबर बॉलच्या समोर ठेवा. अंतर ३ मीटर किंवा जास्त.
३. फोन हातांच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर बाटलीला टेकवून ठेवलेला फोन खालून वर बघतो आणि उंची चुकीची दाखवतो.
४. १x लेन्स वापरा. ०.५x वाइड लेन्स कडेच्या गोष्टी ताणते.
५. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. उभी रेघ बॉलवर घ्या आणि हात कुठे येतात ते बघा.
६. हातांची उंची बघायला दुसरा फोटो मागून घ्या. कॅमेरा टार्गेटच्या रेषेला समांतर, हातांच्या मागे आणि हातांच्याच उंचीवर.

फोन शाफ्टला चिकटवून लेव्हल ॲपने कोन मोजायचा मोह होईल. पण शाफ्ट एकाच वेळी दोन दिशांना तिरका असतो. फोन जरा जरी वेगळा धरला तरी दोन्ही कोन मिसळून एकच आकडा येतो. त्यापेक्षा फोटो बरा.

एका वेळी एकच बदल

कोड डीबग करताना एकाच वेळी चार ओळी बदलल्या की कशामुळे काय झालं हे कळत नाही. रेंजवरही तेच. सात नंबरचं आयर्न घ्या आणि दहा-दहा बॉलचे तीन सेट मारा:

- पहिले दहा: आता उभे राहता तसेच. फोटो काढा आणि प्रत्येक बॉल कुठे निघाला, कुठे वळला हे नोट्समध्ये लिहा.
- दुसरे दहा: फक्त ग्रिप बदला. बॉल उजवीकडे जात असेल तर डाव्या मुठीचा अजून एक उंचवटा दिसेल इतका हात फिरवा. बाकी काही बदलू नका.
- तिसरे दहा: ग्रिप पहिल्यासारखी करा आणि फक्त हातांची जागा बदला. पुढे-मागे किंवा वर-खाली, दोन्हीपैकी एकच.

एकेका शॉटकडे बघू नका, दहाचा कल बघा. कोणत्या बदलाने कल सरकला, ते तुमचं उत्तर. मनगट दुखायला लागलं तर मात्र थांबा आणि कोचला दाखवा.

आणि हे सगळं कशासाठी? कारण चुकीच्या जागी केलेली दुरुस्ती महाग पडते. वीक ग्रिपमुळे बॉल उजवीकडे जातो. तो आणू म्हणून माणूस डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लब बाहेरून आत ओढायला लागतो. फेस आणि मार्ग यांच्यातला फरक आणखी वाढतो, बॉल आणखी वळतो. मग ॲपचं सबस्क्रिप्शन, नवा ड्रायव्हर, महागडे धडे. मूळ दोष ग्रिपवर इंचभर फिरलेल्या हातात, आणि वर एक नवीन वाईट सवय कायमची.

गोल्फ महाग खेळ आहे यात वाद नाही. रडार असलेली मोठी यंत्रं लाखांच्या घरात जातात. पण आपल्याकडे एसएसपी चौरसिया हेही उदाहरण आहे. ते कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधल्या ग्रीनकीपरचे चिरंजीव. तिथेच बघून-बघून खेळ शिकले आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकले. हात क्लबवर नीट ठेवायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी रेंजवर गेलात की स्विंगचा व्हिडिओ नंतर काढा. आधी मित्राला सांगा, "बरोबर बॉलसमोर उभा राहा आणि मी हलायच्या आधी एक फोटो काढ."